एक ना धड...

दिवाळीला पारशिवनीला गेलो होतो. भाचा नागपुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जेवणं आटोपल्यावर ओसरीत बसलो, तर त्याने विचारलं, "मामा, एकच काहीतरी पक्कं धरू का सगळंच थोडं थोडं शिकू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. दहा वर्षं मी एकाच पॅकेजचा 'एक्सपर्ट' म्हणून मिरवलो. कंपनीने ते पॅकेज वापरणं बंद केलं आणि पाच महिने बेंचवर काढले. आईला हे अजून माहीत नाही.

मग त्याला आपल्या विदर्भातल्याच माणसाची गोष्ट सांगितली.

विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९६५ साली नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झाले. पुढे दिल्लीच्या आयआयटीतून पीएचडी, मग केरळात इलेक्ट्रॉनिक्सचं संशोधन. अमेरिकेने हवा तेवढा ताकदवान क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. तिची धुरा भटकरांकडे आली. महासंगणक त्यांनी आधी कधी बांधला नव्हता!

१९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. शेजारच्या चिपशी थेट बोलता यावं म्हणून प्रत्येक चिपला चार जोडण्या. त्यासाठी 'ऑकम' नावाची खास भाषासुद्धा होती. त्या काळी ट्रान्सप्युटर कोळून प्यालेला माणूस म्हणजे खरा स्पेशालिस्ट. तशी माणसं नसती तर परम उभाच राहिला नसता, हेही खरं.

पण पुढे बघा. 'परम ८६००' मध्ये इंटेलची आय-८६० चिप आली. १९९४ च्या 'परम ९०००' मध्ये सुपरस्पार्क, १९९८ च्या 'परम १००००' मध्ये अल्ट्रास्पार्क. ट्रान्सप्युटर बाजारातूनच गेला. दहा वर्षांच्या आत चिपचा अख्खा संसार बदलला, परम मात्र चालत राहिला.

कारण खरी विद्या चिपची नव्हतीच. मोठ्या गणिताचे तुकडे कसे पाडायचे, ते अनेक प्रोसेसरांना कसे वाटायचे, एकजण दुसऱ्याच्या उत्तरासाठी खोळंबून राहणार नाही हे कसं बघायचं, ही ती विद्या. चिप बदलली तरी हा प्रश्न तोच राहिला.

माझं चुकलं ते इथे. मी एकच गोष्ट धरली हे चूक नव्हतं. मी अवजार धरलं आणि प्रश्न सोडला. पॅकेजचे सगळे मेनू पाठ होते. पण त्याच्या पोटात डेटा कसा साठवला जातो, हे कधी उघडून पाहिलं नाही. सगळं थोडं थोडं शिकलो असतो तरी काही वेगळं झालं नसतं. एकाऐवजी दहा पॅकेजांचे मेनू पाठ झाले असते, इतकंच. 'एक ना धड भाराभर चिंध्या' म्हणतात ते हेच.

भाच्याला म्हटलं, "एकच धर. पण ते असं का चालतं, हे विचारणं सोडू नको. 'का'चं उत्तर दुसरीकडेही कामाला येते."

तो म्हणाला, "मग तुम्ही आता काय शिकता आहात?"

डेटाबेसचं पहिलीपासून शिकतोय म्हटलं, सत्तेचाळीसाव्या वर्षी. आई दारात उभी होती. तिने ऐकलं असावं... असो. आता सांगून टाकायला हवं.