हौशी सीएनसी आणि स्पंदनांचा वक्तशीरपणा

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये उभारलेल्या सीएनसी यंत्राला बहुधा स्टेपर मोटारी असतात, आणि कटर प्रत्यक्षात कुठे आहे हे उलट कळवणारी कोणतीही सोय त्यात नसते. सॉफ्टवेअर मोटारीला विद्युत स्पंदने पाठवते, ती मोजते आणि त्या हिशेबावरून कटर अमुक ठिकाणी पोहोचला असे धरून चालते. लिनक्ससीएनसी घ्या की जीआरबीएल, या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मांडणीत जी खटपट करावी लागते तिच्यातली बरीचशी या आंधळेपणापोटीच असते.

साध्या स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. ड्रायव्हरवर आठ मायक्रोस्टेप लावले, म्हणजे प्रत्येक पावलाचे आठ भाग केले, की फेऱ्याला १,६०० स्पंदने लागतात. फेऱ्याला ८ मिमी सरकवणारा स्क्रू असेल तर मिलिमीटरला २०० स्पंदने पडतात. मिनिटाला ३,००० मिमी वेग हवा असेल, तर सेकंदाला १०,००० स्पंदने, म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांनी एक. आता एखादे स्पंदन ५० मायक्रोसेकंद उशिरा आले आणि पुढचे मात्र वेळेवर आले, तर दोघांत निम्मेच अंतर उरते. मोटारीला क्षणभर दुप्पट वेगाने पळण्याचा हुकूम मिळतो. स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर घटत जातो, त्यामुळे अशा वेळी ती पावले गाळते किंवा घरघर करत जागच्या जागी अडकते. सॉफ्टवेअर मात्र पुढे मोजतच राहते.

नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हा वक्तशीरपणा जमत नाही. तिची सरासरी उत्तम असते, पण एक स्पंदन चुकले तरी जॉब वाया जातो, म्हणून इथे विचार सर्वांत वाईट क्षणाचा करावा लागतो. यावर दोन वेगळी उत्तरे निघाली. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत १९९०च्या दशकात घडलेल्या ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’मधून लिनक्ससीएनसी आले. लिनक्सचा गाभाच रिअल-टाइम करून त्याने पीसीलाच शिस्त लावली. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे सुंगऊन जॉन यांनी वाढवलेल्या जीआरबीएलने वेळ पाळण्याचे काम पीसीकडून काढूनच घेतले आणि ते आर्डुइनो उनोवरच्या १६ मेगाहर्ट्झच्या चिपला दिले. त्या चिपला दुसरे कामच नसल्याने ती चुकत नाही.

लिनक्ससीएनसीच्या वाटेने जायचे तर पहिले काम लेटन्सी टेस्टचे. संगणक ठरल्या क्षणापासून कमाल किती ढळतो हे ती दाखवते. ती चालू असताना खिडक्या इकडेतिकडे ओढाव्यात, मोठ्या फायली कॉपी कराव्यात, गाणी लावावीत. संगणकाला मुद्दाम छळावे. कमाल आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर पॅरलल पोर्टवरून थेट स्पंदने काढायला यंत्र उत्तम. ३० ते ५० असेल तर वेगावर पाणी सोडावे लागते, आणि १००च्या पुढे गेला तर तो नादच सोडावा. गंमत अशी की महागडा नवा लॅपटॉप इथे नापास होतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून उचललेला जुना डेस्कटॉप पास होऊ शकतो. वीज वाचवण्याच्या करामती आणि मदरबोर्डच्या फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता मध्येच प्रोसेसर ताब्यात घेणे, ही त्यामागची नेहमीची कारणे. बायोसमध्ये जाऊन त्यातली काही बंद करता येतात, सगळी नाही. मग स्पंदने काढणारे वेगळे कार्ड जोडावे. पीसीला फक्त दर मिलिसेकंदाला त्या कार्डाशी बोलावे लागते.

जीआरबीएलमध्ये ही परीक्षा नाही, पण जागेची चणचण आहे. चिपची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. त्यामुळे कटरच्या जाडीची भरपाई, ड्रिलिंगची तयार चक्रे, चल राशी यांतले काही त्यात नाही. पुढच्या पंधरा-सोळा हालचालींचाच आराखडा एका वेळी मावतो, आणि त्यातल्या शेवटच्या हालचालीअखेर थांबता येईल असाच वेग ते धरते. चित्रावरून यंत्राच्या आज्ञा तयार करणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरने वळणाचे शेकडो बारीक तुकडे केले की यंत्र अडखळते आणि लाकूड जळते. तुकड्यांऐवजी त्याच्याकडे जी-२ आणि जी-३ या आज्ञांचे कंस मागावेत. एक दिलासा असा की या अडखळण्यात वेग जातो, हिशेब शाबूत राहतो.

वेळ साधली तरी हिशेब खरा असावा लागतो. जीआरबीएलच्या $१०० ते $१०२ या खान्यांत तिन्ही अक्षांची मिलिमीटरमागची स्पंदने लिहितात. १० मिमी सरकवून व्हर्निअरने मोजायचे आणि आकडा ‘सुधारायचा’, ही प्रथा मला घातक वाटते. त्यात स्क्रू-नटमधला खेळ मिसळतो आणि खोटा आकडा कायमचा बसतो. स्क्रूवरून येणारा आकडा आधी घालावा, मग एकाच दिशेने, जमेल तितक्या लांब अंतरावर पडताळावा. पावले गळत असतील तर पुष्कळजण कमाल वेग कमी करतात, पण दोष अनेकदा $१२०पासूनच्या त्वरणाच्या आकड्यांत असतो. डायल इंडिकेटर टेकवून शून्य करावे, टेबल काही मिनिटे जोरात पुढेमागे पळवावे आणि परत आणावे. काटा शून्यावर आला नाही तर त्वरण घटवावे.

इमर्जन्सी स्टॉपचे बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नये. स्पिंडल आणि ड्रायव्हर यांची वीज त्याने तारेतूनच तोडली पाहिजे. वीज तुटली की मोटारी सैल पडतात, हाताच्या धक्क्यानेही टेबल हलते, आणि आधीचा सगळा हिशेब रद्द होतो. लिनक्ससीएनसी सहसा होमिंग, म्हणजे अक्षांचे शून्य नव्याने शोधणे, झाल्याशिवाय प्रोग्रॅम चालवू देत नाही. जीआरबीएल चालू हालचालीत रीसेट केले तर अलार्म देऊन कुलूप लावते, पण $एक्स टाइप केले की ते कुलूप उघडते. घाईत सगळे तेच करतात. त्याने कुलूप निघते, शून्य सापडत नाही. त्यासाठी $एच देऊन तिन्ही अक्ष पुन्हा लिमिट स्विचपर्यंत न्यावेच लागतात.