पंच (फौजदारी प्रक्रिया)

फौजदारी तपासात झडती, जप्ती, घटनास्थळाची पाहणी किंवा मृतदेहाची पाहणी चालू असताना प्रत्यक्ष हजर राहून, जे घडले ते तसेच नोंदले गेले याची सहीनिशी ग्वाही देणाऱ्या त्रयस्थ नागरिकास पंच किंवा पंच साक्षीदार असे म्हणतात. या नोंदीच्या दस्तऐवजास पंचनामा ही संज्ञा आहे. पंच हा पोलिसांचा मदतनीस नसतो आणि आरोपीचा कैवारीही नसतो. पोलिसांनी वस्तू जेथे सापडली म्हणून सांगितले तेथेच ती सापडली की नाही, एवढेच त्याने सांगावयाचे असते. भारतात ज्यूरी पद्धत रद्द झाल्यानंतर सामान्य नागरिकाचा फौजदारी न्यायदानाशी जो थोडा अनिवार्य संबंध उरला आहे, त्यात पंच होणे ही महत्त्वाची बाब आहे. मात्र हे काम टाळण्याकडे नागरिकांचा सर्वसाधारण कल असून त्याचे परिणाम खटल्यांच्या निकालांवर होतात.

नाव व पूर्वपीठिका

पंच या शब्दाचा मूळ अर्थ पाच असा आहे. गावातील तंट्याचा निवाडा करणाऱ्या पाच प्रतिष्ठित माणसांवरून तो निवाडा करणारा या अर्थाने रूढ झाला. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण त्याच समजुतीची द्योतक आहे. पंचनामा या शब्दातील 'नामा' हे उत्तरपद फारसी आहे. मराठेशाहीत गोतसभेच्या निवाड्याचा महजर तयार होत असे व त्यावर उपस्थितांच्या साक्षी घातल्या जात. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. त्या व्यवस्थेत पंच निवाडा करीत असे. इंग्रजी अमदानीतील फौजदारी कायद्यात निवाड्याचा अधिकार न्यायालयाकडे गेला आणि पंचाकडे पाहण्याचे व सांगण्याचे काम तेवढे उरले.

कायदेशीर तरतुदी

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १०० मध्ये झडतीची पद्धत सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली असून तिच्या कलम १०३ मध्ये त्याच तरतुदी आहेत. त्यांचा सारांश असा :

- झडतीपूर्वी अधिकाऱ्याने त्या वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना हजर राहण्यास बोलवावे. त्या वस्तीत असे कोणी उपलब्ध नसल्यास किंवा यावयास राजी नसल्यास दुसऱ्या वस्तीतील रहिवासी चालतात.
- झडती पंचांच्या समक्ष घ्यावी, सापडलेल्या वस्तूंची व त्या जेथे सापडल्या त्या जागांची यादी करावी आणि तीवर पंचांच्या सह्या घ्याव्यात.
- जागेत राहणाऱ्या व्यक्तीस झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे व यादीची प्रत द्यावी.
- न्यायालयाने खास समन्स काढल्याखेरीज पंचास साक्षीसाठी हजर राहण्याची सक्ती नाही.
- लेखी आदेश देऊन बोलावले असता वाजवी कारणाशिवाय नकार देणे किंवा दुर्लक्ष करणे हा गुन्हा होय.

हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १८७ खाली येत असे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ खाली येतो. जुन्या कलमात अशा कसुरीला प्रसंगपरत्वे एक महिना ते सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा दोनशे ते पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. नव्या कायद्यात दंडाची रक्कम वाढविण्यात आली आहे. तथापि संबंधित लोकसेवकाने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या लोकसेवकाने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालयास या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. शिवाय रस्त्यात तोंडी बोलावले असता दिलेला नकार या पोटकलमात बसत नाही. त्यासाठी लेखी आदेश बजावलेला असावा लागतो. त्यामुळे ही तरतूद प्रत्यक्षात क्वचितच वापरली जाते.

पंचनाम्याचे प्रकार

तपासात घटनास्थळ पंचनामा, जप्ती पंचनामा, अटक व अंगझडतीचा पंचनामा आणि संशयास्पद मृत्यूच्या वेळी मृतदेहाचा पंचनामा (इन्क्वेस्ट) हे नेहमीचे प्रकार आहेत. आरोपी एखादी वस्तू काढून देण्याची तयारी दाखवितो तेव्हा प्रथम त्याच्या निवेदनाचा व नंतर वस्तू हस्तगत केल्याचा, असे दोन पंचनामे होतात. आरोपीने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेता येत नाही. मात्र त्याच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग ग्राह्य ठरतो. त्यामुळे चाकू, दागिने किंवा रक्ताळलेले कपडे खरोखर आरोपीच्या सांगण्यावरून निघाले की आधीच ठाण्यात होते, या प्रश्नाचे उत्तर देताना पंचाची साक्ष कळीची ठरते.

पंचनामा हा स्वतः मूळ पुरावा नसतो. पंच न्यायालयात शपथेवर जे सांगतो तो पुरावा असतो. पंचनामा त्याच्या स्मृतीला आधार देतो किंवा त्याच्या कथनाला दुजोरा देतो. सरतपासणीत पंचाला मुद्देमाल, त्यावरील मोहोर व सही केलेली चिठ्ठी दाखविली जाते. त्यानंतर बचाव पक्षाचे वकील उलटतपासणी घेतात.

टाळाटाळ व तिची कारणे

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण पंचाच्या बाबतीत शब्दशः पाळली जाते. मुंबई उपनगरातील जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीत तिची कारणे स्पष्ट दिसतात. जोगेश्वरी, मेघवाडी, ओशिवरा व आंबोली या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत चाळी, झोपडवस्ती, गृहनिर्माण संस्था आणि लहान कारखाने एकमेकांना लागून आहेत. येथे शेजारी राहणाऱ्या माणसाच्या घराच्या झडतीला पंच म्हणून उभे राहणे म्हणजे पुढील अनेक वर्षे त्याच गल्लीतून, त्याच नळावरून व त्याच जिन्यावरून वावरणे होय. कायद्याला 'त्या वस्तीतील' पंच हवा असतो, कारण त्याला जागेची माहिती असते. परंतु वस्तीतला असल्यामुळेच त्याला भीती असते. ही अडचण कायद्याच्या रचनेतच आहे.

दुसरे कारण वेळेचे आहे. पंचनामा एका दिवसात आटोपतो. साक्ष मात्र अनेक वर्षांनी होते. अंधेरीच्या दंडाधिकारी न्यायालयात किंवा दिंडोशीच्या सत्र न्यायालयात तारखेला गेलेला पंच साक्ष न होता परत येतो व पुन्हा त्याला समन्स निघते. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. साक्षीदारास भत्ता देण्याची तरतूद आहे. पण बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यातून होईलच असे नाही.

तिसरे कारण उपनगराच्या बदलत्या वस्तीत आहे. पंचनाम्यावर चाळीचा पत्ता असतो. खटला सुनावणीस येईपर्यंत चाळ पाडली जाते, रहिवासी पुनर्विकासात संक्रमण शिबिरात किंवा शहराबाहेर जातात आणि समन्स न बजावता परत येते. येथे पंचाने टाळाटाळ केलेली नसते, तरी खटल्यावरील परिणाम तोच होतो.

सराईत पंच

सुशिक्षित व स्थिर पत्त्याचे रहिवासी नकार देतात तेव्हा जे हाताशी असतात त्यांना बोलावले जाते. पदपथावरील विक्रेते, रिक्षाचालक, रखवालदार, ठाण्यासमोरील टपरीवाले यांना पोलिसांना नाही म्हणणे कठीण असते, कारण त्यांचा व्यवसायच पोलिसांच्या नजरेखाली चालतो. त्यांतील काहींची नावे पुनःपुन्हा निरनिराळ्या पंचनाम्यांवर दिसू लागतात. अशांना न्यायालयीन भाषेत सराईत पंच म्हणतात. सराईत पंचाची साक्ष बचाव पक्ष सहज खिळखिळी करतो. त्याने आधी किती खटल्यांत साक्ष दिली हे विचारले की त्याच्या स्वतंत्रपणाविषयी शंका निर्माण होते.

यात दोन्ही बाजूंचे नुकसान होते. खरोखर जप्त केलेली वस्तू संशयास्पद ठरून दोषी मनुष्य सुटू शकतो. उलट पंचाने न पाहता, ठाण्यात बसून सही केली असेल, तर निरपराध मनुष्य अडकू शकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवरील अमली पदार्थ प्रकरणात एका पंचाने आपल्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्याचा आरोप केला आणि हा प्रश्न देशभर चर्चेत आला. त्या प्रकरणातील काही आरोपींविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्यामुळे मे २०२२ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात त्यांची नावे नव्हती.

न्यायालयांची भूमिका

पोलिसांचा पुरावा केवळ ते पोलीस आहेत म्हणून फेटाळता येत नाही. परंतु स्वतंत्र साक्षीदार नसल्यास त्याची कसोशीने छाननी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप नारायण माडगावकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९५) या खटल्यात सांगितले. दिल्ली राज्य विरुद्ध सुनील (२००१) या खटल्यात, आरोपीच्या माहितीवरून होणाऱ्या हस्तगतीसाठी स्वतंत्र पंच असलेच पाहिजेत असे नाही आणि पोलिसांच्या कृतीकडे सुरुवातीपासून अविश्वासाने पाहण्याची जुनी धारणा सोडावी, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पंच फितूर झाला तरी त्याची संपूर्ण साक्ष आपोआप बाद होत नाही; विश्वासार्ह भाग स्वीकारता येतो.

ज्यूरीशी तुलना

मुंबईत नागरिकांच्या न्यायदानातील सहभागाचा इतिहास पंचापेक्षा ज्यूरीच्या रूपाने अधिक परिचित आहे. १८२६ च्या इंग्रजी कायद्याने ख्रिस्तीतर हिंदी लोकांना ग्रँड ज्यूरीत बसण्यास मनाई होती. ती १८३२ साली दूर झाली. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत १८९७ साली सहा विरुद्ध तीन व १९०८ साली सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. दोन्ही वेळा बहुमत युरोपीय सदस्यांचे होते. ज्यूरीत कोण बसतो यावर निकाल कसा अवलंबून असतो, हे त्यातून दिसले.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार एकवीस ते साठ वयाचे पुरुष ज्यूरीस पात्र होते. तथापि वकील, वैद्यक व्यावसायिक, धर्मगुरू, टपाल व तार खात्यातील नोकर, पोलीस, लष्करातील माणसे इत्यादींना सूट होती. सत्र न्यायालयात वाजवी कारण दाखवून विशिष्ट सत्रापुरती मोकळीक मागता येई. गैरहजर राहणाऱ्यास शंभर रुपयांपर्यंत दंड होता. १९५९ साली कमांडर नानावटी यांना ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली. १९७३ च्या संहितेत ज्यूरीची तरतूद उरली नाही. पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ खालील न्यायालयांत बसणारे पाच प्रतिनिधी हा तिचा एक अवशेष होय.

ज्यूरीच्या सवलतींची यादी कायद्यात लिहिलेली होती. पंचाच्या बाबतीत तशी यादी नाही. तेथे सवलत प्रतिष्ठा, ओळख आणि नकार देण्याची ऐपत यांवर ठरते. त्यामुळे हे ओझे ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यावर पडते.

उपाययोजना

महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागाने २०१५ साली गंभीर गुन्ह्यांच्या तपासात शासकीय कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याविषयी निर्देश दिले. कर्मचाऱ्याचा पत्ता व नोकरी निश्चित असल्यामुळे समन्स बजावणे सोपे जाते, हा त्यामागील विचार होता. मात्र असा पंच त्या वस्तीचा रहिवासी नसतो आणि तोही शासनाचाच नोकर असतो, असा आक्षेप त्यावर घेता येतो. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी राज्याने २०१७ साली अधिनियम केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता दिली.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक असून ते शक्यतो मोबाइल फोनवर करावयाचे आहे. चित्रमुद्रणामुळे पंचाची गरज संपलेली नाही. साक्षीदारांच्या सह्यांसह यादी करण्याचा भागही त्यात नोंदवावयाचा असतो. मात्र पंच न सापडल्यास किंवा फितूर झाल्यास न्यायालयापुढे पडताळणीचे दुसरे साधन उपलब्ध होते. प्रामाणिक पंचालाही काही वर्षांनंतर आपण काय पाहिले याची खात्री करता येते.

पंचाने घ्यावयाची दक्षता

- पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय, वाचता येत नसल्यास वाचून घेतल्याशिवाय, सही करू नये.
- कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नये.
- स्वतः न पाहिलेली गोष्ट नोंदली असल्यास तसे लगेच सांगावे व दुरुस्ती करून घ्यावी.
- पंचनाम्याची सुरुवातीची व अखेरची वेळ प्रत्यक्ष वेळेशी जुळते का ते पाहावे.
- पत्ता बदलल्यास तो पोलीस ठाण्यास कळवावा.
- आजारपण, आरोपीशी नाते किंवा वैर असे वाजवी कारण असल्यास ते अधिकाऱ्यास स्पष्टपणे सांगावे; अशा व्यक्तीला स्वतंत्र पंच मानता येत नाही.

हे सुद्धा पहा

- पंचनामा
- ज्यूरी
- फितूर साक्षीदार
- भारतीय नागरिक सुरक्षा संहिता
- नानावटी खटला
- जोगेश्वरी