शासनकृत अन्याय आणि नुकसानभरपाईचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

निर्दोष व्यक्तीचे तुरुंगात गेलेले दिवस शासनाने कसे भरून द्यावेत, हा प्रश्न भारतीय न्यायव्यवस्थेसमोर दीर्घकाळ उभा आहे. नुकसानभरपाई न्यायालयीन निर्णयांतून मिळत गेली, परंतु ती कायद्याने निश्चित केलेला हक्क बनली नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

दिवाणी दाव्याच्या मर्यादा

दुष्ट हेतूने चालविलेल्या खटल्याबद्दल दिवाणी दावा करता येतो. मात्र खटला प्रतिवादीनेच चालविला, त्यास वाजवी कारण नव्हते, त्यामागे दुष्ट हेतू होता आणि तो आपल्या बाजूने संपला, हे सारे वादीने सिद्ध करावयाचे असते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार त्यासाठी एक वर्षाचीच मुदत आहे.

शासनाविरुद्धचा दावा त्याहून बिकट. १८६१ मध्ये पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीच्या दाव्यात कलकत्त्याच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने सरकारी गोदीतील कामगारांच्या निष्काळजीपणाबद्दल सरकारला जबाबदार धरले. परंतु सार्वभौम सत्तेच्या वापराबद्दल असा दावा चालणार नाही, असा भेदही केला. हाच भेद स्वतंत्र भारतात कस्तुरीलाल प्रकरणी निर्णायक ठरला. १९४७ साली मीरत येथे पोलिसांनी एका व्यापाऱ्यास अटक करून सुमारे १०३ तोळे सोने जप्त केले. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. १९६४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला. तथापि अटक व जप्ती ही सार्वभौम कार्ये असल्याने भरपाई नाकारली. त्याच वेळी कायदेमंडळाने याबाबत कायदा करावा, असेही सुचविले. विधि आयोगाने १९५६ मध्येच तशी शिफारस केली होती. पुढे विधेयके मांडली गेली, कायदा मात्र झाला नाही.

रिट अधिकारातून भरपाई

ही कोंडी रुदुल साह प्रकरणाने फोडली. १९६८ साली निर्दोष ठरूनही त्यांना बिहारच्या तुरुंगातून १९८२ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी सोडण्यात आले. १९८३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने अनुच्छेद ३२ खालील याचिकेतच ३५ हजार रुपयांची अंतरिम भरपाई देवविली व दिवाणी दाव्याचा मार्गही खुला ठेवला. १९८५ मध्ये आमदार भीमसिंग यांना बेकायदा अटकेबद्दल ५० हजार रुपये मिळाले. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालाने, मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल मागितलेल्या अशा भरपाईस सार्वभौमत्वाचा बचाव लागू होत नाही, हे स्पष्ट केले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख रुपये देण्याचा आदेश केरळ शासनास झाला.

समारोप

हे निकाल स्वागतार्ह होत; परंतु भरपाईच्या रकमेचा निश्चित मापदंड त्यांतून उभा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या सामान्य कैद्यास त्यांचा आधार मर्यादितच. विधि आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये व वैधानिक भरपाई सुचविली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती व्यवस्था आलेली नाही. विनाकारण अटकेबद्दल तीत कमाल एक हजार रुपये भरपाई आहे. तीही शासनाने नव्हे, तर अटक घडवून आणणाऱ्या व्यक्तीने द्यावयाची आहे. गजेंद्रगडकरांनी कायदेमंडळाकडे सोपविलेले काम, अशा रीतीने, साठ वर्षांनंतरही अपुरेच आहे.