टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? डोंगरवाटेवरच्या साठ वर्षांच्या भांडणाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा घाटात रेंज गेली की आमचा आवाज तुटतो, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे पसरट झालं होतं ते आवरलंय, बाकी भाषा तीच ठेवलीय.

आजचा विषय एंड्युरो मोटरसायकलचा. एंड्युरो म्हणजे चिखल, ओढे, झाडांची मुळं, सुटे दगड असल्या वाटांवर तासन् तास चालवायची हलकी गाडी. अशी गाडी चालवणाऱ्या दोन माणसांना चहाच्या टपरीवर बसवा आणि हळूच विचारा, "टू-स्ट्रोक सोडून फोर-स्ट्रोक घेऊ का?" चहा गार होईल, वाद गार होणार नाही. एक म्हणेल टू-स्ट्रोक जुनाट झाली, दुसरा म्हणेल फोर-स्ट्रोक म्हणजे दगडात अडकलेली म्हैस.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नवीन व्हर्जन आलं की जुनं टाकून द्यायचं, असा सरळ हिशोब असतो. मोटरसायकलचा इतिहासही तसाच असेल असं वाटतं. पण हा इतिहास वाचायला घेतला की तो सरळ जातच नाही, घाटासारखी वळणं घेतो. फोरवरून टू, टूवरून फोर, आणि परत टू. आणि प्रत्येक वळणावर निकाल इंजिनाने एकट्याने दिलेला नाही.

आधी दोन मिनिटं इंजिन

फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन चार फेऱ्या मारतो: हवा-पेट्रोल आत घे, दाब, पेटव, धूर बाहेर टाक. म्हणजे क्रँकचे दोन वेढे झाले की एकदा स्फोट. जर्मनीत निकोलाउस ऑटोने १८७६ साली हे इंजिन चालवून दाखवलं. टू-स्ट्रोकमध्ये हीच सगळी कामं पिस्टनच्या दोनच फेऱ्यांत उरकतात, म्हणजे प्रत्येक वेढ्याला एक स्फोट. शिवाय वर व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, साखळी असला पसारा नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. भाग कमी, वजन कमी, ताकद जास्त.

मग अडचण काय? एकाच वेळी धूर बाहेर जातोय आणि ताजं मिश्रण आत येतंय. त्यातलं काही ताजं मिश्रण न जळताच बाहेर निसटतं. वर वंगणासाठी पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, तेही जळणार. निळा धूर, तो ओळखीचा वास आणि कमी मायलेज, सगळं इथून येतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कोर्टात हाच पुरावा निघणार आहे.

पहिलं वळण: फोरवरून टू

१९६० च्या आसपास ब्रिटनमध्ये डोंगरवाटांवर राज्य होतं मोठ्या फोर-स्ट्रोकचं. तिथे 'ट्रायल' नावाचा खेळ आहे. दगडधोंड्यांतून अगदी सावकाश जायचं, पाय टेकला की दंडाचे गुण. या खेळाचा राजा होता बेलफास्टचा सॅमी मिलर, आणि त्याची गाडी ५०० सीसीची एरियल. मिलरने वर्षानुवर्षं तिचा एकेक भाग हलका केला. मूळची १३० किलोंच्या आसपासची गाडी त्याने ११० च्या आसपास आणली. १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तो या एरियलवर जिंकला.

आणि मग त्याने ती सोडली! स्पेनमधल्या बुल्टाको कंपनीचे फ्रान्सिस्को बुल्टो यांच्याबरोबर बसून त्याने २४४ सीसीची टू-स्ट्रोक 'शेर्पा' घडवली. वजन ९०-९५ किलोंच्या घरात. १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज तो शेर्पावर जिंकला. ज्या माणसाने फोर-स्ट्रोक सगळ्यात जास्त हलकी करून पाहिली, त्यालाच कळलं की आता छिन्नीने तासायला काही उरलेलं नाही.

तिकडे पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीचा इंजिनिअर वॉल्टर काडेन वेगळ्याच कामात होता. टू-स्ट्रोकचा धूर जिथून बाहेर पडतो, त्या नळीला त्याने मधे फुगीर आणि शेवटी निमुळता आकार दिला. बाहेर गेलेली दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. एकही हलता भाग न वाढवता ताकद वाढली. बीटेकला आम्ही लहरींचं परावर्तन परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, या माणसाने त्यावर शर्यती जिंकल्या. १९६१ मध्ये एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेला पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. त्याच्याबरोबर हे ज्ञानही जपानला पोचलं.

एंड्युरोचा बाप म्हणजे इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल, १९१३ पासून चालत आलेली. तिची मुख्य ट्रॉफी १९६३ ते १९६७ सलग पूर्व जर्मनीकडे गेली, एमझेडच्या टू-स्ट्रोकवर. मोटोक्रॉसमध्येही तेच. ५०० सीसी वर्गात १९६५ ला जेफ स्मिथ बीएसएच्या फोर-स्ट्रोकवर जगज्जेता झाला. १९६६ ला पॉल फ्रीडरिक्स सीझेडच्या टू-स्ट्रोकवर. त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ या वर्गात फोर-स्ट्रोकला विजेतेपद मिळालं नाही. ते मिळालं थेट १९९३ ला, हुस्क्वार्नावर बसलेल्या जॅकी मार्टेन्सला.

दुसरं वळण: टूवरून फोर

आता पुरावा कोर्टात येतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाने ऑफ-रोड गाड्यांसाठी धुराचे नियम लावले. नियमात बसणाऱ्या गाडीला हिरवं स्टिकर, वर्षभर फिरा. न बसणाऱ्या गाडीला लाल स्टिकर, आणि अनेक सरकारी ट्रेलवर ठरावीक महिन्यांतच प्रवेश. टू-स्ट्रोक बहुतेक लालमध्ये गेल्या. जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एकाने असं केलं की कंपन्या कुठे पैसा ओततील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आपल्याला हे अनोळखी नाही. यामाहा आरएक्स १०० रस्त्यावरून गेली की मान वळायची. ती १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याच सुमारास धुराचे नियम कडक होत गेले आणि हळूहळू टू-स्ट्रोक मोटरसायकली, स्कूटर शोरूममधून गेल्या. शहरातल्या हवेच्या दृष्टीने ते योग्यच झालं. सिग्नलला रिक्षामागे उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. मुद्दा एवढाच, की आरएक्सचा निरोप हवेच्या हिशोबाने ठरला, गाडी चालवण्याच्या हिशोबाने नाही.

शर्यतीत दुसरा नियम आला. फोर-स्ट्रोक निम्म्या वेळाच स्फोट करते, मग तिला जास्त सीसी द्या. यातून पुढे १२५ टू-स्ट्रोकसमोर २५० फोर-स्ट्रोक आणि २५० समोर ४५० असं गणित पक्कं झालं. कागदावर न्याय्य. पण यामाहाने या फटीत हात घातला. १९९७ मध्ये लास वेगासला डग हेन्रीने यामाहाच्या प्रायोगिक ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर सुपरक्रॉस जिंकली. पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफ बाजारात आली आणि हेन्रीने अमेरिकेचं २५० वर्गाचं मोटोक्रॉस विजेतेपद पटकावलं. तिचीच एंड्युरो बहीण डब्ल्यूआर ४०० एफ. मग केटीएम, होंडा, सगळेच धावले. काही वर्षांत टू-स्ट्रोक म्हणजे 'आजोबांची गाडी' झाली.

हे फक्त नियमांचे लाड नव्हते बरं का. फोर-स्ट्रोकने वाटेवर खरंच काही दिलं. टू-स्ट्रोकची ताकद काडेनच्या त्या नळीमुळे ठरावीक आरपीएममध्येच उसळते. खाली शांत, मग एकदम लाथ. फोर-स्ट्रोक खालपासून सारखी ओढते. दोन स्फोटांमध्ये मागच्या चाकाला जरा उसंत मिळते, त्यामुळे ओल्या मातीत पकड राहते. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी रोखून धरतं. टू-स्ट्रोकमध्ये हे ब्रेकिंग जेमतेम, आणि लांब उतारावर थ्रॉटल बंदच ठेवला तर इंजिनाला तेलही कमी पोचतं, म्हणून मधूनमधून थोडा पिळावा लागतो.

पण बिलही आलं. सुरुवातीच्या फोर-स्ट्रोक जड होत्या आणि किक मारणं म्हणजे एक विधीच. डिकॉम्प्रेशन लिव्हर ओढा, पिस्टन नेमक्या जागी आणा, थ्रॉटलला हात न लावता पूर्ण ताकदीने किक. हे सपाट मैदानात ठीक. चढाच्या मधोमध, एक पाय हवेत, गाडी तापलेली, श्वास लागलेला, अशात हाच विधी दहा वेळा करून बघा! शिवाय व्हॉल्व्हचं सेटिंग, आणि इंजिन खोललं तर खर्चाचा आकडा. टू-स्ट्रोकचा पिस्टन लोक घरच्या अंगणात बदलतात.

तिसरं वळण: परत टू

ऑस्ट्रियात आयझेनएर्त्स गावाजवळ लोखंडाच्या खनिजाचा एक डोंगर आहे, एर्झबर्ग. पायऱ्या-पायऱ्यांनी पोखरलेला. १९९५ पासून तिथे शर्यत होते. अंतिम फेरीत सुमारे ५०० जण सुटतात, चार तासांची मुदत, आणि शेवटपर्यंत पोचणारे बहुतेक वेळा अगदी थोडे. २०१५ मध्ये एक टप्पा इतका अवघड निघाला की पुढे असलेल्या चौघांनी एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या. चौघांनाही संयुक्त विजेते ठरवलं गेलं.

अशा जागी वेग निरुपयोगी. गाडी दिवसात कित्येकदा पडणार, उचलायची, ढकलायची, लगेच चालू करायची. इथे हिशोब पुन्हा सॅमी मिलरच्याच पानावर आला. हलकी गाडी, चटकन फिरणारं इंजिन, कमी भाग. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं मॅन्युएल लेटेनबिखलर एर्झबर्ग जिंकला, ३०० सीसीच्या टू-स्ट्रोक केटीएमवर.

धुराचं काय? २०१७ मध्ये केटीएमने टू-स्ट्रोक एंड्युरोत फ्युएल इंजेक्शन आणलं. तेल वेगळ्या टाकीतून, पेट्रोल मोजून. नियमांनी टू-स्ट्रोकला घराबाहेर काढलं खरं, पण सुधारायलाही त्यांनीच भाग पाडलं. यात आपलाही एक धागा आहे. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि केटीएमच्या छोट्या फोर-स्ट्रोक चाकणला बनू लागल्या. म्हणजे तीच कंपनी एका हाताने पुण्याजवळ फोर-स्ट्रोक बनवते आणि दुसऱ्या हाताने डोंगरासाठी टू-स्ट्रोक सांभाळते.

मग टू-स्ट्रोक जिंकली?

थांबा. आता अशा माणसाला भेटा जो हा निष्कर्ष मोडतो. ट्रायल, तोच पाय न टेकण्याचा, जगातला सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात अवघड खेळ. तिथे २००७ ते २०२४ अशी सलग १८ वर्षं स्पेनचा टोनी बू जगज्जेता ठरला. त्याची मोंटेसा फोर-स्ट्रोक आहे! जिथे टू-स्ट्रोकने १९६५ ला फोर-स्ट्रोकला हाकललं, त्याच खेळात.

हे कसं? कारण ती फोर-स्ट्रोक त्या खेळासाठीच तोळा-तोळा मोजून घडवलेली आहे. मिलरने एरियल सोडली तेव्हा त्याची अडचण 'चार ठोके' ही नव्हतीच. अडचण वजन ही होती, आणि त्या काळात हलकं हवं असेल तर दोन ठोके हाच रस्ता होता. बिली बोल्ट बघा. डोंगरातल्या हार्ड एंड्युरोत ३०० टू-स्ट्रोक, स्टेडियममधल्या सुपरएंड्युरोत ३५० फोर-स्ट्रोक. माणूस तोच, कंपनी तीच, वाट बदलली की इंजिन बदललं.

माझी स्वतःची गाडी फोर-स्ट्रोक आहे, दीडशे किलोंच्या वर. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर ती मला घरी आणते. उतारावर तिचं इंजिन ब्रेकिंग म्हणजे आईचा हात धरल्यासारखं वाटतं. पण चढावर दगडात आडवी झाली की उचलताना पाठ हिशोब मागते, आणि त्या क्षणी मला मिलर पूर्ण समजतो.

म्हणून कुणी बदलायचं म्हणत असेल तर ठोके मोजण्याआधी तीन गोष्टी मोजा. दिवसात गाडी किती वेळा उचलावी लागते? वाटेत चढ जास्त छळतात की उतार? आणि इंजिन उघडायची वेळ आली तर हात तुमचे असणार की मेकॅनिकचे? गाडी सारखी पडते, चढ उभे, पाना स्वतः फिरवता: टू-स्ट्रोक. लांब अंतर, निसरडे उतार, मधे डांबरी रस्ताही: फोर-स्ट्रोक.

'जुनं' आणि 'नवं' हे शब्द बाजाराचे आहेत, कधी सरकारचे, कधी शर्यतीच्या नियमपुस्तकाचे. त्यांची कारणं खरी असतात, हवा खरंच सगळ्यांची असते. पण दगडाला मॉडेलचं वर्ष वाचता येत नाही. तो फक्त वजन विचारतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर चेनला तेल द्या, हेल्मेटची पट्टी आवळा, आणि वाटेत गावातली गुरं दिसली तर आधी त्यांना जाऊ द्या.