फोर्ट नॉक्स येथील सोन्याची मोजदाद

इ. स. १९३३ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं प्रजेजवळचीं सोन्याचीं नाणीं सरकारजमा करण्याचा हुकूम सोडला. तीं नाणीं वितळवून त्यांच्या लगडी ओतण्यांत आल्या. पुढें केंटकी संस्थानांत फोर्ट नॉक्स येथें ग्रॅनाइटचें कोशागार बांधलें, व १९३७ पासून सरकारी सोनें आगगाडीनें तेथें येऊं लागलें. नाण्यांत दहावा हिस्सा हीण असे. तें लगडींतहि राहिलें. म्हणून तेथील सोनें नुसतें मोजून भागत नाहीं. वजन आणि कस हीं दोन्ही पाहावीं लागतात.

१९५३ च्या जानेवारींत वीस वर्षांनीं राज्यकारभार दुसऱ्या पक्षाकडे गेला. कोठीची किल्ली हातीं घेणारानें आंतील जिन्नस ताडून पाहावा, हा कोणत्याहि घरचा रिवाज. आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीच्या आरंभीं तोच पाळण्यांत आला. परंतु बावीस कप्प्यांपैकीं उघडले तीनच. त्यांतील सुमारें ८८,००० लगडी मोजल्या, सुमारें ९,००० काट्यावर चढविल्या, आणि २६ लगडींस भोकें पाडून निघालेल्या किसाचा कस लावला. हिशेब जमला. एकेक लगड सुमारें ४०० औंसांची, म्हणजे हजार तोळ्यांहून अधिक; तेव्हां हें काम अंगमेहनतीचें, हें खरें. तरीहि सातव्या हिश्शाइतकेच कप्पे पाहून सगळ्याची ग्वाही देणें धाडसाचेंच म्हणावें लागेल.

१९७१ सालीं डॉलरच्या बदल्यांत परराष्ट्रांस सोनें देणें अमेरिकेनें बंद केलें. पुढें कोशागार रिकामें झाल्याची वदंता उठली. शेवटीं २३ सप्टेंबर १९७४ रोजीं कायदेमंडळाचे कांहीं सभासद व वार्ताहर यांस आंत नेऊन एक कप्पा उघडून दाखविण्यांत आला. दर्शन झालें, तपासणी नव्हे. डोळ्यांना पितळहि पिवळेंच दिसतें. खरी तपासणी त्यानंतर सुरू झाली ती १९८६ पर्यंत चालली. टांकसाळखात्याच्या ताब्यांतील सरकारी सोन्यापैकीं शेंकडा ९७ तपासून कप्प्यांस मोहोरा लावण्यांत आल्या.

तेव्हांपासून तपासनीस येतो तो मुख्यतः मोहोरा पाहावयास. मोहोर अभंग, तर सोनें जसेंच्या तसें, हा त्यांतील तर्क. तर्क चुकीचा नाहीं. पण मोहोर लावणारा आणि ती तपासणारा, दोघेहि एकाच सरकारचे नोकर, ही संशयखोरांची तक्रार त्यानें मिटत नाहीं. २०१७ च्या ऑगस्टमध्यें अर्थमंत्री म्नुचिन आंत जाऊन आले व सोनें सुरक्षित आहे असें त्यांनीं कळविलें. सांगणारा याहि वेळीं सरकारचाच होता.