मालवणचें पोंवळें आणि दप्तरांतील पोंवळें

अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे खाडीपलीकडे मढचा कोट दिसतो. इ. स. १७३९ मध्यें वसईच्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला. खाडीचा गाळ मिसळल्यानें तेथील पाणी इतकें गढूळ असतें कीं, गुडघाभर पाण्यांत स्वतःचीं पावलें दिसत नाहींत. आम्हां उपनगरवासीयांची समुद्राची कल्पना या पाण्यावरूनच झालेली. म्हणून मुलुंडच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आपल्या पेटींतून पांढरा, सच्छिद्र, मधाच्या पोळ्यासारखा दगड काढून ‘हें मालवणचें पोंवळें, वडिलांनीं आणलेलें,’ असें सांगितलें तेव्हां नवल वाटलें. जुन्या मराठी कागदांत दागिन्यांच्या याद्यांतून जीं पोंवळीं येतात तीं आपल्याच किनाऱ्यावर निघत असावीं, असें त्यांचें अनुमान होतें. अनुमान मनास भावणारें असलें तरी तेवढ्यानें तें ग्राह्य ठरत नाहीं. तें स्थळीं जाऊन पडताळावें या हेतूनें मार्गशीर्षांत ठाण्यास कोंकण रेल्वेची गाडी धरली आणि कुडाळास उतरून मालवण गांठलें.

सिंधुदुर्गाचें वर्णन या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर या दुर्गाचें काम सुरू झालें. पायाभरणीच्या पूजेचें स्थान म्हणून किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा अद्याप दाखवितात. बेट सुमारें ४८ एकरांचें असून तट सुमारें ३० फूट उंच व १२ फूट रुंद आहे. प्रवेशद्वार बुरुजांच्या वळणांत असें दडविलेलें आहे कीं, होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तें दिसत नाहीं. आंत राजाराम महाराजांच्या काळचें शिवराजेश्वराचें देऊळ आहे. इ. स. १७६५ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ हें नांव दिलें होतें. तें नांव टिकलें नाहीं, हें बरेंच झालें.

परंतु मला पाहावयाचें होतें तें तटाबाहेरचें. सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोंवतीं पाण्यांत कांहीं उघडे, कांहीं बुडालेले खडक पसरलेले आहेत. तेथल्या वाटा ठाऊक असलेला नावाडी डोळे मिटूनही होडी काढील; परक्यास मात्र भरतीच्या वेळीं सर्व पाणी सारखेंच दिसतें. दुर्गाचा पहिला तट हाच म्हणावयाचा. याच बुडालेल्या खडकांवर जिवंत पोंवळीं आहेत. तोंडांत नळी व डोळ्यांवर कांच लावून वयाच्या मानानें मीं बराच धीर केला. दोन-तीन पुरुष खोलीवर प्रथम नुसते तपकिरी गोटे दिसले. दृष्टि स्थिरावल्यावर ते गोटे नव्हेत, हें ध्यानांत आलें. कांहीं घुमटासारखे गोल, कांहीं ताटासारखे पसरट; वर बारीक चांदण्यांसारखी नक्षी; रंग मातकट, हिरवट, क्वचित् पिवळसर. लाल रंगाचें पोंवळें शोधून एकही आढळलें नाहीं. शेजारच्या एका होडीचा नांगर त्यांतल्याच एका घुमटावर पडलेला पाहून वाईट वाटलें.

हें पोंवळें म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांनीं चुन्याचें बांधलेलें घर होय. त्यांच्या शरीरांत राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पति सूर्यप्रकाशावर अन्न करतात आणि रंगही बहुतांशीं त्यांचाच. म्हणून त्यास उबदार, उथळ, बऱ्यापैकीं स्वच्छ पाणी लागतें. पावसाळ्यांत नद्यांचा गाळ व गोडें पाणी उतरत असल्यानें कोंकणांत त्याची वाढ लक्षद्वीपासारखी होत नाहीं. तें खडकांना चिकटून तुटक तुटक राहतें. प्राणी मेला कीं रंग जातो व मागें पांढरा भुसभुशीत सांगाडा उरतो. मुलुंडच्या पेटींतील दगड तो हाच. त्यास ना झिलई चढते ना त्याचा मणी होतो. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणीं जिवंत पोंवळीं असल्याची शास्त्रीय नोंद कासिम व वफर यांनीं इ. स. १९७९ मध्यें प्रसिद्ध केली. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ चें. तेथून असा तुकडा उचलून आणणें आतां कायद्यानें गुन्हा आहे.

मग दागिन्यांच्या याद्यांतील पोंवळें कोठलें? तें लाल, घट्ट, आंतबाहेर एकाच रंगाचें असून भूमध्य समुद्राच्या खोल, मंद प्रकाशाच्या पाण्यांत वाढतें. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रंथांत भडोचच्या आयातींत पोंवळें आहे. रोमन लोक मोत्यांना जसें मानतात तसें हिंदी लोक पोंवळ्यांना मानतात, अशा अर्थाचें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. अर्थशास्त्रांतही प्रवाळाची एक जात आलकंदक म्हणून येते व आलकंद म्हणजे अलेक्झांड्रिया, असें कांहीं पंडितांचें मत आहे. अठराव्या शतकांत इटलींतील लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गें गोव्यास पोंवळीं पाठवीत व तेथील हिंदु व्यापाऱ्यांकडून मोबदल्यांत हिरे घेत. म्हणजे मंगळाच्या शांतीसाठीं आमच्या पूर्वजांनीं बोटांत घातलेलें रत्न सहस्रावधि कोस ओलांडून येत होतें आणि मालवणच्या खडकांवरचें पोंवळें, नांव तेंच असून, जव्हेऱ्याच्या कांहीं कामाचें नव्हतें. स्नेह्यांचें अनुमान येथें संपतें.

या शब्दाची आणखी एक फसगत आहे आणि तींत मी स्वतः सांपडलों होतों. एका देवस्थानाच्या मोडी जमाखर्चांत ‘पोंवळी’ या नांवानें मोठी रक्कम खर्चीं पडलेली पाहून देवीस पोंवळ्यांचा दागिना केला असावा, असें मीं टिपून ठेविलें. पुढच्या ओळींत चुना, दगड व गवंडी यांचा खर्च आला तेव्हां डोळे उघडले. पोंवळी म्हणजे देवळाभोंवतींची भिंत. नागरींत लिहितांना पोंवळें याचें अनेकवचन ‘पोंवळीं’ व भिंतीची ‘पोंवळी’ यांत शेवटच्या अनुस्वाराचा तरी भेद राहतो. मोडी लेखक अनुस्वाराची फारशी पर्वा करीत नाहींत. तेव्हां वजन किंवा नग दिलेला असेल तर रत्न, आणि गज किंवा चुना जवळ असेल तर भिंत समजावी. शब्द एकटा वाचूं नये.

आतां एक शेवटचें स्थळ, जेथें मला जातां आलें नाहीं. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०० किलोमीटरांवर भर समुद्रांत बुडालेलें एक पठार आहे. त्याची लांबी सुमारें ४० व रुंदी १५ किलोमीटर असून तेथें पोंवळ्यांची वाढ मालवणपेक्षां पुष्कळ संपन्न आहे. किनाऱ्याचा गाळ तेथवर पोंचत नाहीं. त्यास नकाशांत ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. इंग्रज दर्यावर्दी आंग्र्यांस आंग्रिया म्हणत. ज्या कान्होजीच्या धाकानें त्यांनीं झोंप घालविली त्याचें नांव त्यांच्याच भाषेच्या उच्चारांत समुद्रतळावर राहिलें. या पठारावर आंग्र्यांनीं शत्रूचीं जहाजें आपटविलीं, असें मात्र कोणीं लिहूं नये. सर्वांत उथळ जागींही तेथें सुमारें २० मीटर, म्हणजे ११ वाव पाणी आहे. त्या काळच्या मोठ्या व्यापारी जहाजासही याच्या निम्म्याहून कमी पाणी पुरे. गुराब-गलबतांची गोष्टच नको. जहाजास त्याचें भय नव्हतें. बुडीद टाकणाऱ्या तांडेलास मात्र तें कळणारच : चहूंकडे अथांग असतां अकस्मात् दोरी ११ वावांवर तळास लागावी, ही खूण कोणी विसरणार नाहीं.

ज्या संग्राहकांच्या दप्तरांत आरमाराचे किंवा नाखव्यांचे कागद असतील त्यांनीं विजयदुर्गाच्या पश्चिमेस पाण्याचे वाव दिलेला एखादा उल्लेख आढळल्यास त्याची नक्कल, मूळ कागदाचें मोजमाप व कागद कोठून मिळाला तें नमूद करून, संपादकांकडे पाठवावी.