परक्याने पाहिलेले न्हाण

रशियन ‘बान्या’च्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक वर्णन पाहुण्याच्या तोंडी आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी कीव्ह येथे सिद्ध झालेल्या इतिवृत्तात ख्रिस्तशिष्य आंद्रेय याची एक आख्यायिका येते. द्नीपर नदीने उत्तरेकडे जात तो नोव्हगोरोदच्या भूमीत पोहोचतो आणि पुढे रोमला गेल्यावर तेथील लोकांना पाहिलेले नवल सांगतो. लाकडी घरे लालबुंद होईतो तापवायची, अंगावरचे सर्व वस्त्र उतरवायचे, कोवळ्या डहाळ्यांनी स्वतःलाच झोडपून घ्यायचे, जीव जाण्याच्या बेतात आला की गार पाणी ओतून पुन्हा सावध व्हायचे; आणि हे सारे रोज, कोणी बळजबरी न करता! त्यांच्या लेखी हे स्नान आहे, छळ नव्हे, अशी पुस्तीही तो जोडतो. हा प्रवास इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. परंतु आपल्याच लोकांचे न्हाण वर्णन करण्यासाठी इतिवृत्तकाराला परक्याचे डोळे उसने घ्यावे लागले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. रोज नाहणारा मनुष्य न्हाणाविषयी लिहीत नाही. ते त्याच्या लेखी लिहिण्याजोगे नसतेच.

पाहुण्याला जे अघोरी वाटले त्याची रीत तशी साधी आहे. ओंडक्यांची एक लहान खोली, तीत दगड रचलेली भट्टी. दगड तापले की त्यांवर पाणी शिंपडायचे आणि उठलेल्या वाफेत उंच फळीवर बसायचे. बर्च झाडाच्या पानांच्या जुडीने अंग झोडपल्याने रक्त खेळते व मळ सुटतो. जुन्या खेड्यांतील ‘काळ्या’ बान्याला धुराडेही नसे. धूर दारातून बाहेर गेला की माणसे आत शिरत. स्वतःची पाठ स्वतःला झोडपता येत नाही, म्हणून येथे दुसऱ्याचा हात लागतोच. पहिल्यांदा जाणाऱ्याला उष्णतेइतकाच हा परका हातही अवघडून टाकीत असला पाहिजे.

त्या हाताकडे साहित्यात सर्वांत टक लावून पाहिले ते दस्तयेवस्कीने. १८५० ते १८५४ ही चार वर्षे त्याने ओम्स्कच्या तुरुंगात काढली आणि त्या अनुभवावर ‘मृतांच्या घरातील टिपणे’ ही कृती १८६० ते १८६२ या काळात प्रसिद्ध केली. तिच्यातील स्नानगृहाचे प्रकरण वाचून तुर्गेन्येव्हला दान्तेची आठवण झाली होती. निवेदक उमराव वर्गातला. बारा पावले लांब, तेवढ्याच रुंद खोलीत ऐंशी-शंभर कैदी, पायांत बेड्या, वाफ, काजळी आणि घसरडी जमीन पाहून त्याला नरकात आल्यासारखे वाटते. तोही आंद्रेयासारखा पाहुणाच. मात्र तो परदेशातून आलेला नाही, आपल्याच देशातल्या दुसऱ्या वर्गातून आला आहे. पेत्रोव्ह नावाचा कैदी त्याला बेडीतून कपडे काढायला मदत करतो, बसायला जागा मिळवून देतो आणि शेवटी त्याचे पायही धुतो. पेत्रोव्हच्या वागण्यात लाचारी नाही. या उमरावाला स्वतःचे स्वतः नाहता येत नाही, एवढेच त्याला दिसते. वाफेत पद गळून पडते. तरी पाय धुणारा कोण आणि धुऊन घेणारा कोण, हे बदललेले नाही. ते प्रकरण पुनःपुन्हा वाचावेसे वाटते ते याच पेचामुळे.

असे घर आपल्या वऱ्हाडात होते काय? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न केला तर बहुधा हमामाकडे बोट दाखवले जाईल. मेळघाटापलीकडे, आज मध्य प्रदेशात असलेल्या बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात रंगवलेल्या छताचा हमाम अजून उभा आहे. त्या शहराला १६१५च्या सुमारास अब्दुर रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत नळांनी पाणी मिळाले. परंतु तो हमाम राजघराण्याचा. अकोल्याच्या किंवा अचलपूरच्या कुणब्याचा त्याच्याशी संबंध आला नाही. शिवाय मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांवर जातो, तेथे घाम गाळण्यासाठी निराळे घर कोण बांधील?

तरीही बान्याची एक सख्खी बहीण वऱ्हाडातल्या घराघरांत होती, असे आम्हांला वाटते. ती म्हणजे बाळंतिणीची खोली. रशियन खेड्यांत बायका बान्यातच बाळंत होत, कारण गावातली ऊबदार, पाण्याची सोय असलेली आणि चार डोळ्यांआडची जागा तीच. आपल्याकडेही दार-खिडकी लावून घेतलेली अंधारी खोली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, तेलाचे मर्दन आणि सोसवेल तितके कढत पाणी हाच थाट असे. तेथे बान्यात राहणारा ‘बान्निक’ तान्ह्या जिवाला अपाय करील म्हणून ओल्या बाळंतिणीला एकटे सोडीत नसत. येथे सटवाईच्या रात्री दिवा जागता ठेवीत. दोन्हीकडे त्या खोलीवर सत्ता एका अनुभवी बाईची: तेथे ‘पोवितुखा’, येथे सुईण.

खरा प्रश्न उभा राहतो तो या सुईणीपाशी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या, मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात मांग जातीच्या स्त्रिया सुईणपण करतात अशी नोंद आहे. म्हणजे जिच्या हातांनी घरातले मूल पहिले न्हाण घेई, तिच हातांना त्याच घराच्या विहिरीचा पोहरा धरता येत नव्हता. सोयर असेपर्यंत खोली विटाळाचीच, म्हणून तेथे तिचा स्पर्श चाले. सोयर फिटली की तिने उंबऱ्याबाहेर. पेत्रोव्ह निदान बेडीत तरी उमरावाच्या बरोबरीचा होता.

येथे मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास जेथे लीळाचरित्र सिद्ध केले तेच हे गाव. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ न्हाणाविषयी मौन पाळत नाही. चक्रधरांची मर्दना, मादणे, आरोगणा, पहुड यांचे उल्लेख वारंवार येतात आणि त्यांबरोबर सेवा करणाऱ्या बाइसाही दिसत राहतात. येथे पाहणारा पाहुणा नाही. प्रत्येक क्षण जपणारे भक्त आहेत, म्हणून रोजचे न्हाणही लिहिण्याजोगे ठरले. म्हाइंभटांच्याच नावावर असलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात, पाण्यावाचून तळमळणाऱ्या अस्पृश्यांना प्रभूंनी विहिरीची जागा दाखवून दिल्याचा प्रसंग आहे. न्हाण आणि विहीर या दोन्ही गोष्टींना एकाच लेखनपरंपरेत जागा मिळावी, हे तेराव्या शतकातल्या वऱ्हाडाचे देणे लहान नव्हे.

पुढच्या मराठी गद्याने हा धागा किती जपला? बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) या आत्मकथनात महार वस्तीतील बाळंतपणांचे वर्णन आहे, आणि तेथे बाळंतिणीच्या पोटालाही पुरेसे अन्न नाही. ते वाचल्यावर वर आम्ही रंगवलेली शेगडी-धुरीची खोलीदेखील सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती, हे मान्य करावे लागते. ऊबसुद्धा ऐपतीप्रमाणे आणि जातीप्रमाणे वाटली गेली.

आता बाळंतपणे इस्पितळांत होतात. जिवाची जोखीम कमी झाली, त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु त्या खोल्यांमध्ये ज्यांचे हात राबले त्या सुईणींचे स्वतःचे कथन मराठीत अत्यल्प आहे. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून त्यांतल्या ज्या वृद्धा आज आहेत, त्यांचे शब्द, पाणी किती कढत घ्यायचे याची त्यांची परीक्षा आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिल्याच्या त्यांच्या आठवणी कोणीतरी टिपून घ्यायला हव्यात. रिद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. बोलींच्या आणि लोकपरंपरेच्या अभ्यासकांना या कामासाठी त्याहून उचित जागा कोणती? आंद्रेयाने पाहिले ते नवल म्हणून, उमरावाने पाहिले ते ओशाळून. पाणी ओतणारीने काय पाहिले, ते तिच्याच तोंडून अजून ऐकायचे आहे.